केमिस्ट्रीचे सर राहावेत म्हणून

मी एका ग्रामीण महाविद्यालयाची प्रभारी प्राचार्य आहे. आधीचे प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, "पद भरायची परवानगी येईपर्यंत तुम्ही जरा बघा." तेव्हापासून मी बघतेच आहे. मूळची मी इतिहासाची. अजूनही प्रथम वर्षाचा एक तास घेते, कारण तो सोडला तर शिकवणं म्हणजे काय हे मी विसरून जाईन अशी मला भीती वाटते.

महाविद्यालय शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईच्या बाजूला, भीमेच्या काठी. मी राहते दौंडला. सकाळच्या गाडीनं केडगावला उतरते. तिथून भूगोलाच्या सरांच्या कारमधून नदीचा पूल ओलांडून कॉलेज. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. इतकी वर्षं इथं कशा राहिलात, असं मला पुष्कळ जण विचारतात. त्यांना वाटतं मी काहीतरी ध्येयाबद्दल बोलेन. खरं कारण एवढंच की नवरा रेल्वेत होता आणि त्याची नोकरी दौंडला होती. त्याची बदली सोलापूरला झाली असती तर मीही केव्हाच गेले असते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जाणाऱ्यांबद्दल लिहिणार आहे आणि त्यांच्यापेक्षा मी काही वेगळी नाही.

आमच्याकडं माणसं येतात आणि जातात. गणिताचे एक सर कासुर्डीचे होते. मोटरसायकलवरून यायचे. पुण्याच्या एका खासगी क्लासनं त्यांना उचललं. फिजिक्सच्या मॅडम पाबळकडच्या. दोन एसट्या बदलून यायच्या, आणि त्यातली एक बंद झाली त्या आठवड्यातच त्यांचा राजीनामा आला. इंग्रजीचे एक सर तर रुजू झाल्याच्या संध्याकाळीच गेले. त्यांना रस्त्यात कुणीतरी बिबट्याचा व्हिडिओ दाखवला होता. आमच्या ऑफिसमध्ये निरोपाच्या शाली एकदम आणून ठेवतात, दरवेळी दुकानात कोण जाणार म्हणून.

यातले बहुतेक जण तासिका तत्त्वावरचे. म्हणजे घेतलेल्या तासाचे तेवढे पैसे, तेही सावकाश, आणि सुट्टी लागली की काहीच नाही. पद रिक्त असतं, पण ते कायमचं भरायची मुभा नसते. मग दर जूनमध्ये जाहिरात द्यायची, मुलाखती घ्यायच्या, आणि आलेल्या माणसाच्या हातापाया पडल्यासारखं करून त्याला ठेवून घ्यायचं. हे काम मला कुणी शिकवलं नव्हतं. मुघलांच्या मनसबदारीवर मी प्रबंध लिहिला आहे, पण आपल्याकडं सरदार टिकवून कसे ठेवायचे ते त्यात कुठं आलं नव्हतं.

अशाच एका जूनमध्ये केमिस्ट्रीचे सर आले. हिंगोलीकडचे. रात्रभराचा प्रवास करून दौंडला उतरले होते आणि तिथून मिळेल त्या वाहनानं कॉलेजपर्यंत आले होते. शर्ट घरी धुतलेला, इस्त्री मोडलेली. नेट झालेली, पीएच.डी. झालेली. मुलाखतीला बसलेल्या तज्ज्ञांनी त्यांना दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग माझ्याकडं बघून होकाराची मान हलवली. मी म्हटलं, "सर, तुम्हाला काही विचारायचंय?"

बहुतेक जण इथं पगार कधी होतो ते विचारतात. सर म्हणाले, "लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटर कुठून आणता?"

मी लॅब असिस्टंटला बोलावलं. तो म्हणाला, "केडगावातनं. बॅटरीच्या दुकानातनं."

सर हसले नाहीत. "आणि ते संपलं की?"

"मग बोअरचं."

आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं आहे की चहासुद्धा फाटतो. त्या पाण्यावर मुलं वर्षानुवर्षं प्रयोग करत होती आणि उत्तर चुकलं की वहीत पुस्तकातलं उत्तर लिहीत होती. सरांनी पहिल्याच आठवड्यात कपाटामागचं डिस्टिलेशनचं यंत्र बाहेर काढलं. त्याच्या कॉइलवर चुन्यासारखा थर बसला होता. तो खरवडला, जळालेली वायर बदलून घेतली, आणि यंत्र चालू झालं. त्या दिवशी मी लॅबच्या दारात उभी होते. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी फ्लास्क हलवत होती. द्रावणाचा रंग अचानक गुलाबी झाला आणि ती किंचाळलीच. "सर, आलं! पहिल्यांदा आलं!" मला केमिस्ट्रीतलं काही कळत नाही. पण हा माणूस राहिला पाहिजे, हे कळलं.

राहिला पाहिजे म्हटलं की पहिला प्रश्न खोलीचा. शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांमुळं हमरस्त्यालगत खोल्या मिळतात, पण त्या कामगारांनी भरलेल्या आणि भाडं परवडणार नाही असं. आमच्या गावात भाड्यानं द्यायला खोल्या बांधण्याची पद्धतच नाही. कॉलेजच्या मागं एका आबांची वस्ती आहे. धनगर कुटुंब. आबा तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायचे. आता ऊस आहे, दोन म्हशी आहेत, थोडी मेंढरं हौस म्हणून ठेवलेली. थोरल्या मुलासाठी त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या आणि तो मुलगा चाकणला कंपनीत गेला तो तिकडंच राहिला. मी सरांना घेऊन गेले.

आबांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "मास्तर हाय व्हय? एकलाच का बायकापोरं हायती?"

"अजून लग्न व्हायचंय," मी म्हटलं.

"राहू द्या की मग. खोल्या रिकाम्या पडून नुसती उंदरं झाल्यात. पर एक हाय मास्तर, दिवस मावळायच्या आत घरात. उसात जनावर हाय, बिबट्या. आन् रस्त्यानं चालताना मोबाईलवर गाणी लावायची, मोठ्यानं."

सर गंभीरपणे म्हणाले, "कुठली गाणी चालतील, आबा?"

आबा क्षणभर बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांच्या बायकोनं आतून डोकावून बघितलं. तिथं सरांचं जमलं.

पुढची वर्षं चांगली गेली. बीएस्सीला मुलं वाढली. आधी जी मुलं बारावीनंतर शिरूरला किंवा पुण्याला जायची त्यांतली काही इथंच राहिली, त्यांत मुली जास्त. पावसाळ्यानंतर उसाची तोड सुरू झाली की बिबटे बाहेर पडतात, आणि मग पालक माझ्या केबिनमध्ये येऊन बसतात की पोरींना उजेड हाय तवर सोडा. सरांनी प्रॅक्टिकलच्या वेळा सकाळच्या करून टाकल्या. मी येण्याच्या पुष्कळ आधी लॅब उघडलेली असायची. मी त्यांना ज्युनियर कॉलेजचे तास दिले, वसतिगृहाची देखरेख दिली, जेणेकरून हातात काही बरं पडावं. हे सगळं त्यांना ठेवण्यासाठी होतं. पण त्याचा अर्थ असा झाला की ते पहाटेपासून संध्याकाळपर्यंत उभेच असायचे. एकदा स्टाफरूममध्ये खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागलेली मी पाहिली. हातात खडू तसाच होता. मी दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यात उभी राहिले, कुणी आत जाऊन उठवू नये म्हणून.

मग स्थळं यायला लागली.

मुलगा कसा आहे हे विचारायला मुलीकडचे लोक नोकरीच्या ठिकाणी येतात, ही आपल्याकडची रीत. सरांची पहिली चौकशी करायला आले ते परभणीकडचे दोघं. मुलीचे वडील शेतकरी, कमी बोलणारे. त्यांच्याबरोबर मुलीचे मामा, कुठल्याशा सरकारी खात्यात होते. मी चहा सांगितला. मामांनी खिशातला रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला आणि सरळ विषयाला हात घातला.

"मुलगा चांगला आहे मॅडम, ते बघूनच कळलं. एकच विचारायचं होतं. परमनंट आहे का?"

"नाही."

"कधी होतील?"

"ते मला सांगता येणार नाही. पद रिकामं आहे. भरायला परवानगी नाही."

मामांनी थोडा विचार केला. "म्हणजे जागा आहे."

"आहे."

"माणूसही आहे."

"आहे."

"मुलं शिकायला आहेत."

"आहेत."

"मग अडलंय कुठं?"

इतक्या सरळ शब्दांत मला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "ते वर अडलंय." मामांनी छताकडं बघितलं. तिथं पंखा फिरत होता.

चहा आला. मी सरांबद्दल जे जे चांगलं सांगता येईल ते सांगितलं. मुलं त्यांना किती मानतात, व्यसन नाही, आईवडिलांना पैसे पाठवतात. सगळं खरं होतं. मामा ऐकत होते, पण त्यांचं ठरलं होतं हे मला दिसत होतं. निघताना वडील प्रथमच बोलले. "बाई, उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार मिळतो का त्यांना?" मी नकाराची मान हलवली. त्यांनी हात जोडले. बाहेर व्हरांड्यात सर उभे होते, त्यांनाही त्यांनी हात जोडले, आणि दोघं फाटकाकडं चालत गेले.

सर आत आले.

"खरं सांगावं लागलं हो सर."

"खरंच सांगत जा मॅडम. उद्या मुलगी घरी आल्यावर कळण्यापेक्षा बरं." थोडं थांबून म्हणाले, "चहा दिला ना त्यांना? लांबून आले होते."

त्यानंतर आणखी लोक आले. प्रश्न तोच. एकदा तर मी उत्तर दिल्यावर समोरचे गृहस्थ मला समजावायला लागले की पोरगं बँकेत शिपाई असलं तरी चालेल मॅडम, पण कायम पाहिजे. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझी स्वतःची मुलगी असती तर मी काय विचारलं असतं?

मी अध्यक्षांकडं गेले. शिरूरला त्यांच्या घरी. ते भले गृहस्थ आहेत, वय झालेलं, संस्थेसाठी पुष्कळ पायपीट केलेले. मी म्हटलं, "साहेब, या माणसाला काहीतरी करून बांधून ठेवलं पाहिजे." त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, मागच्या महिन्यात मी याच कामासाठी पुण्याला जाऊन आलो. त्याच्या आधी मुंबईला. तिथल्या बाकड्यावर माझ्यासारखेच किती म्हातारे बसले होते. संस्थेकडून थोडं वाढवून देता येईल, पण कायम मी कुठून करू?" त्यांच्या बायकोनं मला पोहे दिले. आम्ही दोघांनी ते खाल्ले.

थोडं वाढवून मिळालं. त्यावर आणखी काही महिने निघाले.

ज्या दिवशी सर केबिनमध्ये आले आणि दार लोटून घेतलं, त्या दिवशी मला ते बसायच्या आधीच कळलं. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत, तपासणीच्या लॅबमध्ये, त्यांना नोकरी मिळाली होती. बारा महिने पगार. आईला डायलिसिस लागणार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं.

"ते म्हणतात पुढच्या आठवड्यात या," सर म्हणाले. "मी सांगितलं, परीक्षा होईपर्यंत जमणार नाही."

पुढं टर्मअखेरची प्रॅक्टिकल परीक्षा होती. ते गेले असते तर लॅबमध्ये कुणीच नव्हतं. मी आजवर जाणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणत आले होते की वर्षाच्या मध्ये नका जाऊ, मुलांचं बघा. ते वाक्य तोंडाशी आलंच होतं. पण सर आधीच थांबायला तयार होते, आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मला त्या परभणीच्या मामांचा चेहरा आठवला. मी म्हटलं, "सर, कंपनी थांबणार नाही. तुम्ही जा."

"आणि परीक्षा?"

"बघते मी."

"तुम्ही काय बघणार मॅडम? तुम्ही इतिहासाच्या." ते चेष्टेनं म्हणाले नाहीत. खरंच काळजीनं म्हणाले.

"शिरूरला एक निवृत्त सर आहेत, त्यांच्या पाया पडते. तुम्ही तुमच्या कंपनीला फोन करा, आत्ता, माझ्यासमोर. येतो म्हणून सांगा."

त्यांनी फोन लावला. बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला माणसं टिकवायची म्हणून या खुर्चीत बसवलेलं, आणि सगळ्यात चांगल्या माणसाला मी आपल्या हातानं बाहेर काढत होते. तरी वाईट वाटण्यापेक्षा जरा मोकळंच वाटलं, हे खरं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या मुली केबिनमध्ये शिरल्या. परवानगी न विचारता. त्यांतली एक वडगावची, घरी भाजीपाल्याचा मळा, नेहमी बाकावर शेवटी बसणारी. तीच पुढं झाली.

"मॅडम, सरांना का जाऊ दिलं?"

"त्यांना चांगली नोकरी मिळाली."

"ही चांगली नव्हती?"

मी म्हटलं, "नव्हती."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असावं मी काहीतरी सारवासारव करेन. "मग आम्ही इथं कशाला शिकायचं?" असं म्हणून ती रडायला लागली आणि बाकीच्या तिला धरून बाहेर घेऊन गेल्या. तो प्रश्न मी कुठल्याच सभेत कुणाला सांगितलेला नाही.

दुपारी आबा आले. फेटा बांधून, म्हणजे कामानं. खुर्चीत बसले नाहीत.

"म्याडम, आमचा मास्तर का घालवला?"

"घालवला नाही आबा. ते चालले."

"जागा कमी पडती का त्येला? इहिरीच्या वरल्या अंगाला पडीक हाय. बांध म्हणावं घर तिथं. कागद करून देतो. पोरगं तर काय आता चाकणवरनं येत न्हाई."

"जागेचा प्रश्न नाही हो."

"मग कशाचा हाय?"

"कायम नोकरीचा."

"तुमी बसलाय की मोठ्या खुर्चीत. करा कायम."

"माझ्या हातात नाही ते."

"मग कुणाच्या हातात हाय? नाव सांगा, जातो त्येच्याकडं."

मी सांगायला लागले. संस्था, विद्यापीठ, सहसंचालकांचं कार्यालय, त्यांच्यावर मंत्रालय. आबा लक्ष देऊन ऐकत होते. मंत्रालयापाशी मी थांबले. त्यांनी फेटा जरा मागं सारला. "लई लांब हाय," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. सर निघाले त्या दिवशी आबांच्या घरच्यांनी त्यांच्या सामानात ज्वारीचं पोतं आणि घोंगडं घातलं. घोंगडं हातानं विणलेलं होतं. आमची शाल पिशवीत तळाला गेली.

सर गेले, पण पुरते गेले नाहीत. परीक्षेपर्यंत दर साप्ताहिक सुट्टीला कुरकुंभवरून येऊन लॅबमध्ये उभे राहायचे. मी नको म्हणाले नाही. शिरूरचे निवृत्त सर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यांचे गुडघे दुखायचे, त्यांच्यासाठी लॅबमध्ये उंच स्टूल आणून ठेवलं. मुलांची परीक्षा पार पडली. त्यानंतर सरांचं येणं कमी झालं आणि मग थांबलं. कंपनीत शिफ्ट लागली होती. मी फोन करून विचारलं नाही. विचारलं असतं तर ते आले असते.

पुढच्या जूनला जाहिरात दिली. केमिस्ट्रीला एकही अर्ज आला नाही. दुसऱ्यांदा दिली, एक अर्ज आला, तो माणूस मुलाखतीला आला नाही. त्या वर्षी बीएस्सीच्या पहिल्या वर्गात मुलं निम्म्यावर आली. डिस्टिलेशनचं यंत्र पुन्हा बंद पडलं. लॅब असिस्टंटनं मला विचारलं, "बॅटरीच्या दुकानात जाऊ का?" मी म्हटलं, जा.

सरांची भेट झाली ती दौंडच्या बाजारात. मी भाजी घेत होते. मागून "मॅडम" अशी हाक आली. अंगानं जरा भरले होते, चेहऱ्यावर कंपनीतल्या माणसाची ती एक शांतता आली होती. शेजारी बायको. लग्नाला बोलावलं होतं, पण त्या दिवशी विद्यापीठाची समिती आल्यानं मला जाता आलं नव्हतं. सरांनी ओळख करून दिली आणि म्हणाले, "मॅडम, हिचे वडील आणि मामा तुमच्याकडं येऊन गेलेत."

मला क्षणभर उमजेना. मग लक्षात आलं. परभणीकडचे. सर कंपनीत लागल्याचं कळल्यावर ते लोक पुन्हा आले होते.

"मामा अजून तुमचं नाव काढतात," ती म्हणाली. "म्हणतात, बाईंनी खोटं सांगितलं नाही."

मी हसले. सर भाजीचा भाव विचारायला पुढच्या गाड्यावर गेले, तेवढ्यात ती जरा जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "मला खरं म्हणजे मास्तरच पाहिजे होता, मॅडम. पण आमच्याकडं मला कोण विचारतंय?" पुढं म्हणाली, "अजून झोपेत शिकवतात हो ते कधी कधी. मी ऐकत पडते."

मी मेथीची जुडी पिशवीत घातली. सर परत आले, मला घरापर्यंत सोडायचा आग्रह केला, मी रिक्षानं गेले.

मध्ये काही काळ गेला. आणि मग एका सकाळी ऑफिसमधला क्लार्क धावत आला की परवानगी आली. सगळ्या पदांना नाही, थोड्या विषयांना. त्यात केमिस्ट्री होती. मी खुर्चीत बसून ते पत्र दोनदा वाचलं. माझी निवृत्ती तोंडावर आली होती. पहिला फोन मी सरांना केला.

"सर, पद निघालंय. कायम. अर्ज करा."

पलीकडून मशीनचा आवाज येत होता. ते बाहेर आले असावेत, आवाज कमी झाला. "मॅडम," ते म्हणाले आणि थांबले.

"मी काही हमी देऊ शकत नाही. मुलाखत होईल, तज्ज्ञ येतील. पण तुमच्याइतकं पात्र कोण येणार आहे?"

"तसं नाही मॅडम. आईचं चालू आहे. आता बाळ झालंय. ही नोकरी सोडून मुलाखतीच्या भरवशावर... आणि झालं तरी मान्यता यायला, पगार सुरू व्हायला किती काळ जाईल तुम्हाला माहीतच आहे. तेवढा काळ मी आता काढू शकत नाही. तेव्हा काढला असता."

"विचार तरी करा."

"रोज करतो," सर म्हणाले. "मुलं कशी आहेत?"

मी मुलांबद्दल सांगितलं. त्या वडगावच्या मुलीनं एमएस्सी केली, हे सांगितल्यावर ते खूश झाले. अर्जाची मुदत संपेपर्यंत मी दररोज टपाल आणि ईमेल बघत होते. त्यांचा अर्ज आला नाही.

मुलाखतीला बरेच जण आले, कायम पद म्हटल्यावर लांबलांबून आले. निवड झाली ती लातूरकडच्या एका बाईंची. हुशार होत्या, फळ्यावर लिहिताना हात ठाम. पती रांजणगावला एका कारखान्यात. वर्षाचं मूल होतं, ते मुलाखतीच्या वेळी बाहेर आजोबांकडं होतं आणि सारखं रडत होतं. निवड कळवल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, इथं मूल सांभाळणारं कुणी मिळेल का? रांजणगावहून येऊन जाऊन मला नाही जमणार. गावात राहावं लागेल."

मी म्हटलं, बघते. हे 'बघते' माझ्या तोंडातून इतक्या वेळा गेलंय की त्याला आता वजन राहिलेलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी तास संपवून गावात निघाले. ऊन होतं. आधी ग्रामपंचायतीच्या शेजारच्या अंगणवाडीत गेले, तिथं इतकी लहान मुलं घेत नाहीत. मग एका शेवंतीच्या मळ्यात गेले. तिथल्या बाई फुलं तोडत होत्या, सून पुण्याला नोकरीला, घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई.

"सांभाळीन की," त्या म्हणाल्या. "घरात ल्येकरू नाही तर घर खायला उठतंय. पर बाई राहत्याल का म्याडम? आमाला लळा लागायचा आन् त्या जायच्या."

"ते नाही सांगता येत," मी म्हटलं.

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. थोडा वेळ विचार केला. "बरं, आणा," म्हणाल्या, आणि पुन्हा वाफ्यात वाकल्या.

मी बांधावर बसले. पाय दुखत होते. भूगोलाच्या सरांना फोन करून सांगितलं की गाडी इकडंच घेऊन या, आणि नव्या मॅडमना कळवलं की मुलाची सोय झाली, खोल्यांचं आबांशी बोलायचं राहिलंय, ते उद्या बोलते.